हायमीडियाची तयार पीडीए पावडर: हरभऱ्याच्या मर रोगावर काम करणाऱ्यांनी घ्यावी का?

हरभऱ्याचा कोणता वाण मर रोगापुढे टिकतो हे ठरवायचं, तर प्रत्येक वेळी बुरशी सारख्याच जोमाची हवी. विजय हा वाण उभा राहिला आणि मर हमखास लागणारा जेजी ६२ मेला, यातला फरक वाणाचाच आहे, कल्चरचा (प्रयोगशाळेत वाढवलेल्या बुरशीचा) नाही, अशी खात्री नसेल तर हंगामाची मेहनत वाया जाते. मर रोगाची बुरशी, फ्युजॅरियम, वाढवायला पुण्यातल्या बहुतेक प्रयोगशाळांत पोटॅटो डेक्स्ट्रोज अगार (पीडीए) हे बटाटा आणि साखरेचं माध्यम वापरतात. त्याची हायमीडिया कंपनीची तयार पावडर घ्यावी, असंच आमचं मत आहे. मात्र तीच पावडर सगळ्या कामांना वापरू नये.

लेबलवरचं प्रमाण लिटरला ३९ ग्रॅम. त्यात २०० ग्रॅम बटाट्यांतून निघेल तेवढा सुमारे ४ ग्रॅम अर्क, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज (साखर) आणि माध्यम घट्ट करणारा १५ ग्रॅम अगार येतो. सामू (पीएच) ५.६, त्यात ०.२ इकडेतिकडे.

घरच्या पद्धतीत २०० ग्रॅम सोललेले बटाटे उकडून मलमलीतून गाळायचे, मग डेक्स्ट्रोज आणि अगार घालून एक लिटर करायचं. खर्च कमी, आणि बीजाणू बऱ्याचदा जास्त चांगले येतात. पण मार्केट यार्डातून आज सातगाव पठारचा नवा बटाटा आला आणि पुढच्या महिन्यात शीतगृहातला, तर दोन्हींत स्टार्च आणि साखर सारखी नसते. थंडीत साठवलेल्या बटाट्यात साखर वाढते. मग कॉलनीचा व्यास आणि रंग बदलतो, आणि दोष बुरशीचा की बटाट्याचा हे कळत नाही. तुलना करायची असेल तर पावडरच बरी, तीही अख्ख्या प्रयोगाला एकाच बॅचची. बाटलीवरचा बॅच नंबर वहीत लिहून ठेवा.

आता बनवण्याबद्दल, कारण निम्म्या तक्रारी तिथेच जन्मतात. एक लिटरच्या फ्लास्कमध्ये ५०० मिलीच माध्यम करा, पावडर १९.५ ग्रॅम. आधी डिस्टिल्ड पाणी घ्या आणि त्यावर पावडर भुरभुरवा. पावडरीवर पाणी ओतलं की गुठळ्या होतात आणि आत कोरडी राहिलेली पावडर नीट विरघळत नाही. दहा मिनिटं भिजू द्या, मग ढवळत उकळा. ढवळणं थांबलं की अगार तळाला बसून करपतो. द्रावण पारदर्शक झाल्यावरच ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) ठेवा.

इथे पुणेकरांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सगळीकडे १५ पीएसआयला १२१ अंश असं लिहिलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीचं गणित आहे. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब कमी. नुसत्या दाबाच्या काट्यावर चालणाऱ्या उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये १५ पीएसआयला तापमान १२० च्या आसपासच राहतं. काटा १६ वर ठेवा, आधी आतली हवा पूर्ण बाहेर जाऊ द्या, आणि अर्ध्या लिटरच्या फ्लास्कला १५ ऐवजी २० मिनिटं द्या. त्याहून जास्त नको. माध्यम आम्लधर्मी असल्याने जास्त तापवलं की अगार तुटतो आणि प्लेट नीट घट्ट होत नाही, शिवाय साखर करपून रंग गडद होतो.

झाडावरून बुरशी वेगळी करताना जिवाणू येणारच. मरगळलेल्या रोपाचं खोड उभं चिरा, आतल्या काळपट तपकिरी भागाचे ५ मिमीचे तुकडे घ्या, १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये एक मिनिट बुडवा, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा आणि टिपकागदावर कोरडे करून मगच प्लेटवर ठेवा. ओले तुकडे ठेवले की जिवाणू पाण्याबरोबर पसरतात. जिवाणू रोखणारं स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक, माध्यम थंड होऊन ४५ ते ५० अंशांवर आल्यावर, गाळून निर्जंतुक केलेल्या द्रावणातून घाला. त्याऐवजी लॅक्टिक आम्लाने सामू ३.५ वर आणत असाल तर माध्यम पुन्हा तापवू नका, नाहीतर ते घट्टच होणार नाही.

ही पावडर पुरत नाही ती बुरशी टिकवायच्या कामाला. हा दोष कंपनीचा नाही, पीडीएचाच आहे. इतक्या साखरेवर फ्युजॅरियम पुन्हापुन्हा उतरवलं की ते बदलतं: कापसासारखी वाढ जाऊन चिकट, चपटी कॉलनी येते, किंवा नुसतं पांढरं कवकजाल वाढतं आणि बीजाणू जवळजवळ नसतात. रोग पाडण्याची ताकदही घटते. मग जेजी ६२ सुद्धा मरत नाही आणि सगळेच वाण प्रतिकारक दिसू लागतात! म्हणून पहिल्याच शुद्ध कॉलनीपासून २ टक्के वॉटर अगारवर (नुसतं पाणी आणि अगार) एका बीजाणूची कल्चर करा आणि लगेच गाळणकागदाच्या तुकड्यांवर वाळवून किंवा ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा. प्रत्येक प्रयोगाला त्या साठ्यातून नवी प्लेट काढा. एक प्रत आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात जमा केली तर फ्रीज बंद पडला तरी काम बुडत नाही.

रोपांना लागण करायलाही प्लेट खरवडू नका. याच माध्यमाचा अगारविना मिळणारा पातळ प्रकार, म्हणजे ब्रॉथ घ्या, लिटरला २४ ग्रॅम, आणि २५ ते २८ अंशांवर पाच-सात दिवस शेकरवर हलवा. मलमलीतून गाळून हिमोसायटोमीटरवर (सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मोजायच्या काचपट्टीवर) मोजा, मिलीला दहा लाख बीजाणूंवर आणा. आठवड्याच्या रोपांची मुळं टोकाला किंचित कापून त्यात बुडवा आणि निर्जंतुक वाळूत लावा. जेजी ६२ ची रोपं प्रत्येक ट्रेमध्ये हवीतच. ती मेली नाहीत तर त्या ट्रेचे आकडे टाकून द्या.

किती घ्यावी? ५०० ग्रॅमच्या बाटलीत साधारण १२.८ लिटर होतात, म्हणजे २० मिलीच्या सुमारे ६४० प्लेट. एकट्या विद्यार्थ्याला १०० ग्रॅमच्या बाटल्या जास्त सोयीच्या. हरभरा रब्बीचा, त्यामुळे कल्चरची तयारी नेमकी पावसाळ्यात येते आणि पुण्याच्या दमट हवेत उघडी मोठी बाटली लवकर ओल धरते. वजन झटपट करा, झाकण लगेच घट्ट लावा, बाटली सिलिका जेल घातलेल्या डब्यात ठेवा. पावडरीचा खडा झाला असेल तर फोडून वापरू नका. त्यात पाणी शिरलेलं असल्याने ३९ ग्रॅम वजन केलं तरी पावडर तेवढी नसते, आणि अगार पातळ राहतो.