बुक टेस्टचे आठ महिने: महागडं इंग्लिश पुस्तक कपाटात, जुना मराठी कथासंग्रह पिशवीत

गेल्या गणपतीच्या आधी मी बाहेरून एक बुक टेस्टचं पुस्तक मागवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बुक टेस्ट म्हणजे समोरच्याने पुस्तक उघडायचं, मनात एक शब्द धरायचा आणि आपण तो ओळखायचा. पुस्तक दिसायला साधी इंग्लिश कादंबरी, पण आतून 'तयार' केलेलं. कुरियर आणि कस्टम धरून साडेसहा हजार पडले, बायकोला मी साडेतीन सांगितलेत. सोसायटीचा गणपती, ऑफिसचं गेट-टुगेदर, कोजागिरी, दोन साखरपुडे, पाचसहा वाढदिवस असं सगळीकडे वापरून झालंय म्हणून आता लिहितोय.

पुस्तकाला नावं ठेवायला जागा नाही. छपाई चांगली, बाइंडिंग मजबूत, पद्धत तर इतकी हुशारीची की पहिल्यांदा वाचली तेव्हा मीच हसलो. ती इथे सांगणार नाही, विकणाऱ्याच्या पोटावर पाय कशाला. घोळ असा की हे पुस्तक इंग्लिशमध्ये विचार करणाऱ्या माणसासाठी बनवलंय. आमच्या साहेबांनी 'रिसीट' शब्द मनात धरला, मी कपाळावर बोटं ठेवून वगैरे म्हटलं, 'मधे कुठेतरी पी दिसतोय', ते ठामपणे 'नाही' म्हणाले. मी परत म्हटलं पी आहे, ते म्हणे अजिबात नाही. शेवटी पान उघडून बघितलं तर पी होताच, पण तोवर खेळाची हवा गेलेली आणि साहेबांचं तोंड पडलेलं, चार लोकांत स्पेलिंग चुकलं ना. प्रेक्षकाला लाजवून टाळ्या मिळत नाहीत, त्यातून अप्रेझल जवळ आलेलं.

दुसरं म्हणजे, सोसायटीच्या कार्यक्रमात मी हातात इंग्लिश कादंबरी घेऊन उभा राहिलो की पहिल्या रांगेतल्या काकू पुस्तक उलटसुलट करून बघतात, 'हे तुझंच ना रे?' म्हणजे संशय सुरू. ही जादूगार रघुवीरांचे प्रयोग थिएटरात बसून बघितलेली पिढी आहे, सहज गंडणारी नाही. तेच मराठी पुस्तक दिलं की कोणी निरखत नाही, उलट 'अरे हे मी वाचलंय' म्हणून गप्पा सुरू होतात.

म्हणून डिसेंबरपासून मी रद्दीवाल्याकडून चाळीस रुपयांना घेतलेला एक कथासंग्रह आणि शाळेतलं १०८९ चं गणित यावर आलो. हे गणित कित्येक कोड्यांच्या पुस्तकांत आहे त्यामुळे गुपित फोडल्याचं पाप नको. पहिला आणि शेवटचा आकडा वेगळा असलेली तीन आकडी संख्या घ्या, उलटी करा, मोठीतून लहान वजा करा, आलेलं उत्तर परत उलटं करून त्यात मिळवा. ७२१ वजा १२७ म्हणजे ५९४, त्यात ४९५ मिळवले की १०८९. वजाबाकीत मधे कायम ९ येतो आणि कडेच्या दोघांची बेरीजही ९, त्यामुळे शेवटी १०८९ शिवाय दुसरं काही येऊच शकत नाही. मग पान १०८, पहिल्या ओळीतला नववा शब्द. माझ्या पुस्तकात तिथे 'विहीर' आहे.

आणि इथे मराठीची मजा येते. पाणी दिसतंय, खोल आहे, गारवा आहे असं करत जायचं आणि मग म्हणायचं, 'पहिल्या अक्षराला पहिली वेलांटी, दुसऱ्या अक्षराला दुसरी.' शाळेतल्या बाईंनी शिकवलेलं आठवून लोक आधी स्वतःशी पुटपुटतात आणि मग ओरडतात. एक रिटायर्ड मराठीच्या बाई तर उठून उभ्या राहिल्या. इंग्लिश पुस्तकात हा क्षण मला एकदाही मिळाला नाही. शब्द मात्र बिनजोडाक्षराचा हवा. आधीच्या एका पुस्तकात 'प्रश्न' आला होता आणि मी 'दोन अक्षरी' म्हटल्यावर एका मुलीने 'अडीच' म्हणून वाद घातला, तो अजून मिटलेला नाही.

आता खड्डे, कारण मी सगळ्यांत पडून आलोय. साखरपुड्यात मुलीच्या काकांनी ५३४ घेतले. ५३४ वजा ४३५ म्हणजे ९९. हे ०९९ धरून उलटं केलं तरच ९९० मिळतात आणि १०८९ येतात, पण काकांनी मोबाईलवर सरळ ९९ आणि ९९ मिळवून १९८ काढले, पान १९, आठवा शब्द. मी दहा मिनिटं विहिरीत उतरतोय, पाणी काय, गारवा काय, आणि काका शांतपणे म्हणाले, 'माझ्याकडे तर "आणि" आहे.' अख्खा हॉल हसला, नवरा मुलगा सगळ्यात जास्त. तेव्हापासून मी 'पहिला आणि शेवटचा आकडा जरा लांब लांबचे घ्या' असं आधीच सांगतो आणि मोबाईल बंद, कागद-पेन्सिलच देतो. हातचे घेताना लोक चुकतात म्हणून शेजारच्याला तपासायला लावतो, त्यात त्यालाही सामील झाल्यासारखं वाटतं.

पानाच्या वर पुस्तकाचं नाव छापलेलं असतं, निम्मे लोक तीच पहिली ओळ धरतात, तेव्हा 'वरचं नाव सोडून' हे सांगायलाच हवं. संवादांची पुस्तकं घेऊ नका, पहिल्या ओळीत नऊ शब्दच नसतात. त्याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती तर नकोच, पानं सरकलेली असतात. आणि एकाच मंडळींसमोर एकदाच, दुसऱ्यांदाही १०८९ आलं की खेळ संपला.

सगळ्यात मोठा धडा मार्चमध्ये मिळाला. एका वाढदिवसाला आठ-नऊ वर्षांच्या पोराने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि हात काढला तर ते आपोआप १०८ वर उघडलं. वापरून वापरून कणा तिथेच मोडलाय. पोरगा म्हणाला, 'काका, याला सवय झालीय.' आता तीन प्रती आहेत, आलटून पालटून नेतो आणि घरी दुसरीकडचीच पानं उघडून दाबून ठेवतो.

एक गोष्ट मात्र मला आधी सुचली नव्हती. १०८ म्हटलं की आपल्याकडे जपमाळेचे मणी. पान निघालं की कोणीतरी हात जोडतंच. कोजागिरीला इंग्लिश पुस्तकाने केलं तेव्हा असं काही झालं नव्हतं. मी सुरुवातीलाच सांगतो की हे गणित आणि चलाखी आहे, आपल्याकडे २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, माझ्याकडे शक्ती-बिक्ती नाही. लोक त्यालाही हसतात, त्यांना तो खेळाचाच भाग वाटतो. परवा एक आजी कार्यक्रमानंतर बाजूला घेऊन म्हणाल्या, 'माझी पाटली गेलीय, कामवाली नेते का बघ ना.' मी तिथेच पायरीवर बसून त्यांना अख्खं १०८९ करून दाखवलं, दोनदा, त्यांच्याच आकड्यांनी. त्यांनी नीट बघितलं, दुसरी वजाबाकी तर स्वतः केली आणि म्हणाल्या, 'हे गणित झालं रे, ते पाटलीचं बोल.' मी परत नाही म्हटलं आणि कामवाल्या मावशींवर उगाच आळ घेऊ नका असंही बोललो, ते त्यांना आवडलेलं दिसलं नाही. त्या दिवसापासून शेवटी मी हे गणित सगळ्यांसमोर एकदा उघड करूनच टाकतो, टाळ्या थोड्या कमी पडतात.

साडेसहा हजारवालं पुस्तक कॉलेजच्या पोरांसमोर अजून चालतं, त्यासाठी ठेवलंय. ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी आधी रद्दीवाल्याकडे जा आणि पान १०८ उघडून बघा.