पुण्याचं पॅकेज की इंदूरचं घर? ठरवायच्या आधी एवढं बघा

इंदूरच्या रामबागेत आमच्याकडे दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणाचं तरी पोरगं हाच प्रश्न घेऊन येतं, काका, पुण्याची ऑफर आहे, जाऊ का? मी नऊ वर्षं तिथे काढून परत आलोय म्हणून मला विचारतात.

पगारात पुणं पुढे, त्यात वादच नाही. आणि पैशाने सुख येत नाही वगैरे मी म्हणणार नाही. २०१० साली मानसशास्त्रज्ञ कानमन आणि अर्थतज्ज्ञ डीटन यांना अमेरिकेत असं दिसलं की वर्षाला ७५,००० डॉलरच्या पुढे रोजचा आनंद वाढत नाही, ते अजून लोक एकमेकांना ऐकवतात, पण २०२३ मध्ये कानमन यांनीच किलिंग्सवर्थ या संशोधकाबरोबर ते परत तपासलं तर बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर पुढेही वाढत होता, अडकत होता तो मुळातच सगळ्यात दुःखी असलेल्यांचा. म्हणजे घरात भांडण झालंय, मन लागत नाही म्हणून जास्त पगाराकडे पळत असाल तर जरा थांबा.

आता येण्या-जाण्याचं. मी राहायला कोथरूडला, ऑफिस हिंजवडीला, जाऊन-येऊन तीन तास तर कधीकधी जास्तच, आणि पहिल्या इन्क्रिमेंटची सवय मला तीन महिन्यात झाली पण त्या ट्रॅफिकची नऊ वर्षांत झाली नाही. २००४ मध्ये टेक्सासच्या ९०९ नोकरदार बायकांना कालचा दिवस एकेक प्रसंग करून आठवायला आणि तेव्हा कसं वाटलं ते सांगायला लावलं होतं, त्यात सकाळी कामावर जायचा प्रवास आनंदात सगळ्यात तळाला निघाला. गर्दी इंदूरलाही वाढलीये, पण रामबागेतून सुपर कॉरिडॉरला, म्हणजे इथल्या आयटी कंपन्यांच्या भागात, जाऊन संध्याकाळी घरचा चहा मिळतो. थंडीत रात्री दहाला मित्राचा फोन आला की सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद) खायला निघता येतं, आईला इथल्या सानंद संस्थेच्या मराठी नाटकाला नेता येतं. पुण्यात मित्र होते हो, पण भेट ठरवायलाच पंधरा दिवस जायचे.

अमेरिकेतले हार्वर्ड विद्यापीठवाले १९३८ पासून तीच माणसं आयुष्यभर बघत आलेत, आणि म्हातारपणी कोण बरं राहतं याचं त्यांना मिळालेलं मोठं उत्तर जवळची नाती हेच आहे. इंदूरचं पारडं जड होतं ते इथे.

पण माझ्या भाचीला मी पुण्यालाच जा म्हटलं. तिला डिझाइनमध्ये जे करायचंय ते काम तिला इथे मिळेना, आणि घरात तिने किती वाजता यावं हे चार जण ठरवत होते. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल म्हणायचा, माणसातले गुण पूर्ण वापरात येणं म्हणजे चांगलं जगणं. तिथल्याच एपिक्युरस या तत्त्वज्ञाला मित्र, साधं जेवण आणि निर्धास्त मन एवढं पुरायचं. तिला आत्ता पहिलं हवंय, मला चाळिशीनंतर दुसरं पुरतंय, आणि समाधानी मी आहे, अगदी रोज नाही पण बहुतेक दिवस.

तेव्हा कामासाठी जात असाल, आईवडील धडधाकट असतील, तर जा बिनधास्त. नुसत्या आकड्यासाठी जात असाल तर रूम ते ऑफिस सकाळी नऊला किती वेळ लागतो ते एकदा स्वतः जाऊन बघा, इंदूरहून रात्रीची बस आहे, एक सुट्टी टाका आणि मग सही करा.