प्लशचा सनस्टोनचा माळ: कुणी जावं, काय न्यावं, हाती काय लागतं

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याच्या आग्नेय भागात, लेक काउंटीतल्या प्लश या चिमुकल्या गावाच्या उत्तरेला सरकारी जमिनीचा एक मोठा तुकडा लोकांना सनस्टोन नावाचे रत्नाचे खडे वेचण्यासाठी मोकळा ठेवलेला आहे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, तो सांभाळतं. फी नाही, परवाना नाही. घरी पैलू पाडणाऱ्या किंवा कॅबोशॉन, म्हणजे पैलूंशिवायचे घुमटाकार खडे, घासणाऱ्या माणसाला उंचावरच्या वाळवंटात सोपी जागा हवी असेल, तर पहिलं नाव याच माळाचं घ्यावं लागेल. इथे खडक फोडावा लागत नाही, डोंगर चढावा लागत नाही. दगड मातीत सुटे पडलेले असतात, आपण फक्त बघायला शिकायचं. अवघड आहे ते तिथवर पोचणं आणि तिथलं ऊन.

आधी दगडाबद्दल, कारण तो ओळखता आला नाही तर दिवसभर काचेचे तुकडे गोळा होतात. ऑरेगनचा सनस्टोन हा लॅब्रेडोराइट जातीचा फेल्डस्पार, म्हणजे एक खनिज. लाव्हा अजून जमिनीखाली असतानाच हे स्फटिक त्यात वाढले, मग लाव्ह्याबरोबर वर आले, आणि लाव्हा थिजून झालेला बसाल्ट कुजून त्याचा मुरूम झाला तेव्हा सुटे झाले. सह्याद्रीचा काळा पत्थर आणि त्याचा मुरूम पाहिलेल्या माणसाला ही जमीन लगेच ओळखीची वाटेल. फरक एवढाच, की आपल्याकडे जळगाव-नाशिक-पुण्याकडचे झिओलाइटचे स्फटिक लाव्हा थंड झाल्यावर त्याच्या पोकळ्यांत मागाहून वाढले, हे खडे मात्र लाव्ह्यातूनच आले. भारतातून येणाऱ्या सनस्टोनची चमक लोहाच्या ऑक्साइडच्या पापुद्र्यांची असते, इथली तांब्याच्या अतिसूक्ष्म पत्र्यांची. त्या चमकेला कारागीर शिलर म्हणतात. 1987 साली ऑरेगनने सनस्टोनला राज्याचं रत्न म्हणून मान्यता दिली.

अपेक्षा नीट ठेवून जा. माळावर मिळणारे बहुतेक खडे बिनरंगी किंवा फिकट पिवळे, गवताच्या काडीच्या रंगाचे. काहींत शिलर असतो. लाल क्वचित, हिरवा त्याहून क्वचित. आकार मुगापासून हरभऱ्यापर्यंत भरपूर, शेंगदाण्याएवढा स्वच्छ खडा मिळाला तर दिवस सार्थकी लागला म्हणायचं. चिकाटीने बसणाऱ्याची दिवसाअखेर मूठ भरते, पण त्या मुठीतले पैलू पाडण्याजोगे खडे वेगळे काढले की थोडेच उरतात. पिवळ्या खड्याला कमी लेखू नका मात्र. नीट पैलू पाडलेला स्वच्छ पिवळा सनस्टोन फार देखणा दिसतो, आणि नव्याने पैलू शिकणाऱ्याला सरावासाठी याहून चांगला फुकट माल मिळणं कठीण.

रस्त्याचं सांगायला हवं, कारण लोक फसतात ते इथेच. बेंड शहराहून लेकव्ह्यू गाव सुमारे 175 मैल. लेकव्ह्यूहून 395 क्रमांकाच्या महामार्गाने थोडं उत्तरेला, मग 140 ने पूर्वेला आणि पुढे प्लशचा फाटा, असं प्लशपर्यंत साधारण 40 मैल, सगळा डांबरी रस्ता. तिथून पुढचे वीस-पंचवीस मैल बहुतेक खडीचे आणि मातीचे. कोरड्या दिवसांत साधी गाडी जाते, ट्रकच हवा असं नाही. पण ही खडी फोडलेल्या बसाल्टची आहे, तिच्या कडा धारदार असतात. ताशी 30 मैलांच्या वर गेलात की टायर फाटण्याची शक्यता वाढते, आणि फाटतो तो बहुधा बाजूने, जिथे पंक्चरची वात चालत नाही. म्हणून स्टेपनी पूर्ण आकाराची हवी. नव्या गाड्यांत येणारी बारीक तात्पुरती स्टेपनी या खडीवर भरवशाची नाही. हवा भरायचा 12 व्होल्टचा पंप, पंक्चरचं किट आणि जॅकखाली ठेवायला फळीचा तुकडा सोबत घ्या, भुसभुशीत मातीत जॅक खाली रुततो. गाडी भाड्याची असेल तर करारात कच्च्या रस्त्याला मनाई आहे का ते आधी वाचा, बहुतेकांत असते.

पेट्रोल लेकव्ह्यूलाच पूर्ण भरा. प्लशमधल्या दुकानाच्या वेळांवर बेत आखू नका. फोनला रेंज मिळेल हे धरून चालू नका, नकाशा आधीच उतरवून ठेवा. फोनने जवळचा म्हणून एखादा आडवाटेचा रस्ता सुचवला तर तो घेऊ नका. लेकव्ह्यूच्या बीएलएम कार्यालयात नकाशा मिळतो, रस्त्याची ताजी स्थितीही तिथेच विचारून घ्यावी.

पावसाबाबत इथे एक पेच आहे. खडे शोधायला सगळ्यात चांगला वेळ पावसानंतरचा: माती धुऊन जाते, खडे स्वच्छ होऊन चमकतात. पण त्याच पावसाने रस्त्याची माती चिकणी होते, चाकांना थापली जाते आणि चांगल्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीलाही हलू देत नाही. तेव्हा पाऊस पडत असताना निघू नये. पाऊस होऊन दोन-तीन कोरडे दिवस गेले की जावं. जागा साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे. वसंतात चिखल, जुलै-ऑगस्टमध्ये करपवणारं ऊन, ऑक्टोबरच्या शेवटी बर्फाची भीती. मेचा शेवट ते जूनचा मध्य आणि नंतर सप्टेंबर, हे दिवस उत्तम. जूनमध्ये वॉर्नर खोऱ्याच्या पाणथळीतले डास प्लशच्या आसपास अंगावर येतात. रात्री उन्हाळ्यातही गारठा पडतो, स्वेटर न्यावाच.

जागेवर सोय किती? शौचालय आहे, सावलीचं छप्पर आणि बाकं आहेत, तंबू ठोकता येतो, 14 दिवसांपर्यंत. पाणी अजिबात नाही. माणशी दिवसाला एक गॅलन पिण्यासाठी, शिवाय दगड धुवायला आणि गाडीसाठी वेगळं. झाड म्हणाल तर एकही नाही, नुसता सेजब्रशच्या गुडघाभर झुडपांचा माळ.

आता शोधायचं कसं. सकाळी सूर्य वर आल्यापासून दोन तास आणि संध्याकाळी मावळायच्या आधीचे दोन तास, हे सोन्याचे. सूर्याकडे तोंड करून अगदी सावकाश चाला. खड्याचा सपाट पैलू उन्हात आला की जमिनीवर ठिणगी पडल्यासारखं चमकतं. नजर तिथून न हलवता जवळ जा, कारण पाऊलभर बाजूला झालात की ती चमक विझते. पाठीवर ऊन घेऊन फिरणाऱ्याला त्याच पट्ट्यात काहीच दिसत नाही. हातात आलेला खडा ओला करून बघा. सनस्टोनची एक बाजू आरशासारखी सपाट तुटलेली असते, बाकीची बाहेरून धुरकट, खरखरीत. बाटलीची काच शिंपल्यासारखी वक्र तुटते आणि तिच्यात बुडबुडे दिसतात. गारगोटीला तसा सपाट काप नसतो. शिलर तपासायचा तर ओला खडा दोन बोटांत धरा, ऊन खांद्यावरून येऊ द्या आणि खडा हळूहळू फिरवा. एका ठरावीक कोनात आतून तांबूस-गुलाबी पडदा उलगडतो, जरा कलला की पुन्हा साधी काच. हा कोन लक्षात ठेवा, घासताना लागेल.

चाळायचं असेल तर दोन चाळण्या न्या: वर अर्ध्या इंचाच्या जाळीची, खाली पाव इंचाची. फूट-दीड फूट खोल माती काढायची, वरच्या चाळणीत खडी राहते, खालच्या चाळणीतला माल ताटात पसरून उन्हात बघायचा. माती ओली असेल तर जाळी लगेच बुजते, तेव्हा चाळणं दुपारी, माती सुकल्यावर. सोनं धुवायचं घमेलं घेऊन येणारे हमखास निराश होतात. सोनं जड म्हणून तळाशी बसतं. फेल्डस्पार आजूबाजूच्या खडीपेक्षा जड नाहीच, उलट बसाल्टपेक्षा हलका, त्यामुळे घमेल्यात तो वेगळा पडत नाही. पाण्याचा उपयोग फक्त धुण्यापुरता. आणि बसाल्टमध्ये अडकलेला खडा दिसला तर हातोडा मारू नका. सनस्टोनला जवळजवळ काटकोनात दोन दिशांना चिरण्याची खोड असते, एका धक्क्यात शेंगदाण्याचे चार हरभरे होतात. भोवतीचा मुरूम स्क्रू-ड्रायव्हरने खरवडत जा, सुटत नसेल तर ढेकूळच घरी न्या.

हत्यारं हाताचीच चालतात: खुरपं, फावडं, कुदळ, चाळणी. इंजिनाचं यंत्र नको. खणलेला खड्डा परत बुजवणं सक्तीचं आहे, आणि तसंही तो बुजवायलाच हवा. सेजब्रशआड उघडे राहिलेले खड्डे हा या माळावरचा खरा धोका, सापाइतकाच. साप आहेतच, रॅटलस्नेक. झुडपाखाली न बघता हात घालू नका, पूर्ण बूट घाला. वेचलेले खडे स्वतःसाठी, विक्रीसाठी नाहीत. ऑनलाइन दुकान चालवणाऱ्यांनी हे नीट वाचावं. सार्वजनिक हद्दीच्या बाहेर लगेच खासगी खाणींचे दावे, म्हणजे खणण्याचा हक्क राखलेल्या जागा, सुरू होतात, कोपऱ्यांवर खांब रोवलेले असतात. त्या खांबांपलीकडचा खडा उचलणं म्हणजे चोरी.

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आलेले असतात, त्यांना नेता येईल का, हा प्रश्न बऱ्याच मराठी घरांत असतो. गुडघे कुरकुरत असतील तरीही हो, पण बेत त्यांच्या सोयीने आखा. बुटकं स्टूल, मोठी टोपी आणि मांडीवर ताट दिलंत, की छपराच्या सावलीत बसून ते चाळलेला माल निवडू शकतात. तांदूळ निवडायची सवय असलेले हात या कामात तरुणांना मागे टाकतात. लहान मुलंही रमतात, त्यांची नजर जमिनीच्या जवळ असते. व्हीलचेअर मात्र बाकांच्या आसपासच फिरेल, माळावरची माती भुसभुशीत आणि खडबडीत आहे. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर नेऊ नका, मोठं रुग्णालय फार लांब आहे.

शेजारच्या काही खासगी खाणी पैसे घेऊन लोकांना खणू देतात, काही ठिकाणी पट्ट्यावरून सरकणाऱ्या मालातून खडे वेचू देतात. लाल-हिरवा हवाच असेल तर तिथे संधी जास्त. त्या हंगामीच चालतात, दर आणि नियम दरवर्षी बदलतात, फोन केल्याशिवाय जाऊ नये.

मोठ्या दगडांची आवड असलेल्यांना, म्हणजे घरी मोठी करवत असून स्लॅब कापणाऱ्यांना, प्लशपेक्षा ग्लास ब्यूट हा डोंगर जास्त मानवेल. बेंडहून बर्न्सकडे जाणाऱ्या 20 क्रमांकाच्या महामार्गावर सुमारे 77 मैलांवर दक्षिणेला कच्चा रस्ता फुटतो, आणि त्या डोंगराच्या पायथ्यापासूनच ऑब्सिडियन पसरलेलं आहे: काळं, तपकिरी महोगनी, सोनेरी झाक असलेलं, नशीब असेल तर इंद्रधनुषी. बीएलएमची मर्यादा दिवसाला माणशी 25 पौंड आणि एक तुकडा, वर्षाला 250 पौंड. पण ही ज्वालामुखीची काच आहे. बुटाचा तळ, टायर, बोटं, सगळं कापते. तिच्यावर हातोडा चालवताना चष्मा आणि चामडी हातमोजे नसतील तर डोळा जाऊ शकतो. शौचालय नाही, पाणी नाही. लहान मुलांना तिथे सोडू नका. घडवलेली बाणाची टोकं किंवा जुन्या माणसांनी पाडलेल्या कपच्या दिसल्या तर जागेवरच ठेवा, सरकारी जमिनीवर त्यांना कायद्याचं संरक्षण आहे.

घरी आल्यावर दोन्ही दगडांचा एकच नियम: चमक कुठल्या थरात आहे ते आधी शोधा, करवत मग चालवा. सोनेरी ऑब्सिडियन त्या थराला समांतर कापलं तर सगळ्या पृष्ठभागावर झाक येते, आडवं कापलं तर नुसता काळा दगड हातात येतो. कापायच्या आधी ओला करून उन्हात धरा आणि रेघ पेन्सिलीने आखून घ्या. सनस्टोनच्या कॅबोशॉनचा तळ शिलरच्या पडद्याला समांतर ठेवा. त्याची कठीणता 6 ते 6.5, त्यामुळे तो लवकर घासला जातो. भरड चाकावर जोर दिला तर कडा पापुद्र्यांनी उडतात, म्हणून छोट्या खड्याला 600 च्या ग्रिटपासूनच (म्हणजे बारीक कणांच्या चाकापासूनच) सुरुवात करा आणि हात हलका ठेवा. शेवटचं पॉलिश सिरियम ऑक्साइड किंवा ॲल्युमिनावर. मध्येच ओरखडे उमटू लागले तर बहुतेकदा दोष पावडरीचा नसतो, आधीच्या भरड ग्रिटचा एखादा कण पट्ट्यावर राहिलेला असतो. खडा, तो चिकटवलेली काडी आणि हात, तिन्ही साबणाने धुऊन पुन्हा बसा.