खनिज मिश्रण आणि माजाची इंजेक्शनं : आमच्या तांबूवर आलेला अनुभव

तिसऱ्या वेतानंतर पाच महिने झाले तरी आमची तांबू गाय माजावर आली नाही. दूध बरं द्यायची, पण दिवसभर गोठ्याची भिंत चाटायची नाहीतर दावं चघळत बसायची. फॉस्फरस कमी पडला की जनावर असं करतं. मला हे ठाऊक होतं, तरी मी आधी इंजेक्शनच्या मागे लागले. एका डॉक्टरांनी हात घालून न तपासताच प्रोस्टाग्लँडिन (माज आणायचं हार्मोन) टोचलं. काहीच झालं नाही. अंडाशयावर पीतपिंड (बीजांड सुटल्यावर तिथे तयार होणारी गाठ) असेल तरच ते लागू पडतं. गाय गाभण असती तर गर्भ पडला असता, याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या डॉक्टरांनी नीट तपासलं, तर अंडाशयाचं काम थंडावलेलं निघालं. "ताई, अंडाशय अगदी गुळगुळीत लागतंय. आधी जंताचं औषध आणि खनिज द्या, दीड महिन्याने बघू."

मग चिलेटेड (अंगी चांगलं लागावं म्हणून सेंद्रिय पदार्थाशी जोडलेलं) खनिज मिश्रण आणलं. रोज ५० ग्रॅम. पहिल्याच दिवशी सगळं पेंडीत कालवलं, तर तांबूने फुंकर मारून पाटी ढकलून दिली. चमचा-चमचा वाढवत नेलं तेव्हा आठवड्याभरात खाऊ लागली. डब्यात माप नाही आणि दमट हवेत पावडरीचे खडे होतात, एवढ्या दोन तक्रारी. घेताना डब्यावर फॉस्फरस, तांबं, जस्त, मँगनीज, कोबाल्ट, आयोडीन यांचं प्रमाण वेगवेगळं छापलंय का ते पाहा. नुसत्या चाटण विटेवर, म्हणजे जनावरांना चाटायला टांगतात त्या खनिजाच्या विटेवर, विसंबू नका. आमच्याकडे ती टांगलेलीच होती, पण कोणत्या जनावराने किती चाटली ते कळायचं कसं?

तीन आठवड्यांत भिंत चाटणं थांबलं, कातडीवर तकाकी आली. शेजारी बांधलेली कालवड तर तेवढ्यावरच माजावर आली, काचेसारखा स्वच्छ सोट (माजातला चिकट स्राव) टाकला.

तांबूला मात्र हार्मोन लागलेच. योनीमार्गात प्रोजेस्टेरॉन (पीतपिंडातून येणारं हार्मोन) सोडणारं साधन बसवलं आणि त्याच दिवशी जीएनआरएच (बीजांड सुटायला लावणारं हार्मोन) टोचलं. साधनाची दोरी बाहेर लोंबते आणि दुसऱ्या गायी ती ओढतात, म्हणून तिला सात दिवस वेगळी बांधली. सातव्या दिवशी साधन काढून प्रोस्टाग्लँडिन दिलं. ते कातडीतूनही अंगात भिनतं, त्यामुळे गरोदर सुनेला मी त्या दिवशी गोठ्यात येऊ दिलं नाही. ५६ तासांनी पुन्हा जीएनआरएच आणि लगेच कृत्रिम रेतन.

गाय गाभण राहिली नाही तर साधारण एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येते, म्हणून त्यानंतरच्या एकविसाव्या रात्री मी चार वेळा बॅटरी घेऊन गोठ्यात गेले. तांबू शांत रवंथ करत होती. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी हात घालून पाहिलं आणि गाभण म्हणाले. खनिज अजून चालू आहे. आता पाटी पुढे ठेवली की ती तळापर्यंत चाटून घेते.