माँटेसरी की प्रकल्प? साडेतीन वर्षांच्या मुलासाठी बालवाडी निवडताना

'आमच्याकडे मूल स्वतः शिकतं' हे माँटेसरीवाल्या आणि प्रकल्पवाल्या दोन्ही शाळा सांगतात. फरक आहे तो काय शिकायचं हे कुठून येतं, यात.

माँटेसरीत ते कपाटातल्या साधनांतून येतं. उदाहरणार्थ गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे, 10 सेंटिमीटरपासून 1 सेंटिमीटरपर्यंत, मोठ्यावर लहान असे रचायचे. मधला एखादा चुकला की मूल आपणच मोडून पुन्हा रचतं, बाईंना तोंड उघडावं लागत नाही. प्रत्येक साधन वर्गात एकच, त्यामुळे पाळीसाठी थांबणंही तिथेच अंगवळणी पडतं.

प्रकल्पात ते मुलांच्या प्रश्नातून येतं. मी बालवाडीत शिकवायचे तेव्हा एकाने विचारलं, "हवा दिसत नाही, मग भोक कुठंय ते पंक्चरवाल्या काकांना कसं कळतं?" सगळी वरात कोपऱ्यावरच्या दुकानात. काकांनी ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबली, बुडबुडे आले, आणि एक पोरगी ओरडली, "ट्यूब शिंकली!" पुढचे तीन आठवडे फुगे, बादल्या, ठिगळं मोजणं आणि वर्गातल्या दुकानाची पाटी. 'प' कुणी गिरवून घेतला नाही. पाटीला तो लागत होता, म्हणून आला.

पण हे सगळं बाईंवर अवलंबून. नवख्या बाईंच्या हाती साधनं निम्मं काम सांभाळून घेतात. प्रकल्पात तसा आधार नाही. प्रश्न हेरायचा, टिपून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पुढे न्यायचा, म्हणजे मुलं कमी हवीत आणि बाई मुरलेल्या.

शाळेत गेलात की गेल्या वर्षीचे प्रकल्प विचारा. जूनमध्येच 'पावसाळा, फळे, वाहने' असं वर्षभराचं वेळापत्रक हातात दिलं, तर ते विषय झाले, प्रकल्प नव्हेत. (रात्री अकराला पुठ्ठा कापत बसलेल्या आईबाबांचा प्रकल्प तर वेगळाच.)

दोन्हींत वैर आहे असंही नाही. माँटेसरीच्या वाटेने निघालेल्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावात काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पानं आली. अशी बालवाडी जवळपास असेल तर पुढचं वाचूही नका.

आमच्या भाचीला मात्र आम्ही माँटेसरीतच घातलं. घराजवळच्या प्रकल्पवाल्या शाळेत एका बाईंकडे पस्तीस मुलं होती.