शहरातल्या गच्चीवरचा एंड-फेड अँटेना आणि आयसी-७३०० : उन्हाळा, पावसाळा आणि थंडीनंतरचा अनुभव

पुण्यातील कोथरूडमधील एका सहामजली सोसायटीच्या गच्चीवर ताणलेला एंड-फेड हाफ-वेव्ह अँटेना (एका टोकाला जोडलेली, अर्ध्या तरंगलांबीची तार), तिथून खाली येणारी आरजी-२१३ केबल आणि खोलीत आयकॉम कंपनीचा आयसी-७३०० हा रिग, म्हणजे प्रसारण आणि ग्रहण दोन्ही करणारा रेडिओ, असे माझे सध्याचे हौशी रेडिओ केंद्र आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते उभे केले आणि त्यानंतर वळवाची वादळे, संपूर्ण पावसाळा, दिवाळी आणि थंडी असा काळ त्याने पाहिला आहे, त्यामुळे आता त्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते. हौशी रेडिओचा नव्याने परवाना मिळालेली मंडळी कोणता रिग घ्यावा याचा विचार महिनोन्‌महिने करतात आणि उरलेल्या पैशांत अँटेना बसवतात. या काळात माझे मत नेमके याच्या उलट पक्के झाले. शहरात आपला आवाज किती दूर पोचतो यापेक्षा आपल्याला समोरच्याचा आवाज किती ऐकू येतो यावर केंद्राचा कस लागतो, आणि ते बव्हंशी तार, चोक (केबलच्या बाहेरून येणारे नको ते प्रवाह अडवणारे वेटोळे) आणि घरातील विजेची उपकरणे यांवर अवलंबून असते.

आमच्या गच्चीची लांब बाजू सुमारे बावीस मीटर आहे. ४० मीटर बँडसाठी, म्हणजे सुमारे ४० मीटर तरंगलांबीच्या लहरींच्या पट्ट्यासाठी, अर्ध्या तरंगलांबीची तार साधारण २० मीटर लागते. १४३ ला मेगाहर्ट्‌झमधील वारंवारतेने भागले की मीटरमधील लांबीचा अंदाज मिळतो. एवढ्या जागेत दोन समान भागांचा डायपोल अँटेनाही बसला असता; परंतु डायपोलला मध्यभागी आधार लागतो आणि तिथूनच केबल खाली सोडावी लागते. गच्ची ही सर्वांची असते. एप्रिल-मे महिन्यांत तिथे कुरडया, पापड आणि सांडगे वाळत पडतात आणि एरवीही कपड्यांच्या दोऱ्या असतात, त्यामुळे मधोमध खांब उभा करण्याची परवानगी मागणे मला योग्य वाटले नाही. एंड-फेडमध्ये तारेच्या एका टोकालाच रिगची शक्ती दिली जाते, म्हणून पाण्याच्या टाकीजवळ ट्रान्स्फॉर्मरचा डबा आणि दुसऱ्या टोकाला कठड्याला बांधलेला जीआय पाइप एवढ्यावर काम भागले. तार मात्र सर्वत्र हात पोचणार नाही इतक्या उंचीवर ठेवली आहे आणि हा मुद्दा टाळण्यासारखा नाही. अशा तारेच्या टोकाशी प्रतिरोध अडीच ते तीन हजार ओहम असतो, म्हणजे १०० वॅट सोडल्यावर तिथे पाचशे व्होल्टच्या आसपास दाब येतो. तो हाताला भाजू शकतो, आणि गच्चीवर लहान मुले येतात.

तार उत्तर-दक्षिण ताणली, यामागे जागेच्या सोयीपलीकडचे एक कारण होते. २० मीटर बँडवर हीच तार एक पूर्ण तरंगलांबीची होते आणि तिचा जोर तारेच्या दिशेपासून सुमारे ५४ अंशांवर चार बाजूंना जातो. पुण्याहून युरोप वायव्येला, जपान ईशान्येला आणि ऑस्ट्रेलियाचा मोठा भाग आग्नेयेला आहे, त्यामुळे उत्तर-दक्षिण तारेच्या या चार पाकळ्यांपैकी तीन थेट उपयोगाच्या दिशांना पडतात आणि चौथी दक्षिण आफ्रिकेकडे झुकते. ज्यांना जागा निवडण्याची थोडी तरी मोकळीक आहे त्यांनी खिळा ठोकण्यापूर्वी हा हिशेब अवश्य करावा.

ट्रान्स्फॉर्मरविषयी जरा विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण या अँटेनाचे सारे यशापयश त्या छोट्या डब्यात आहे. पन्नास ओहमची केबल आणि अडीच हजार ओहमची तार यांची सांगड ४९:१ प्रमाणाच्या ट्रान्स्फॉर्मरने घातली जाते : प्राथमिक बाजूला दोन वेढे, दुय्यम बाजूला चौदा वेढे आणि वरच्या बँडवरील वर्तन सुधारण्यासाठी प्राथमिक बाजूला समांतर जोडलेला १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर. सुरुवातीला मी एका विक्रेत्याकडून तयार डबा घेतला होता. त्याच्यावर १०० वॅट क्षमता छापलेली होती आणि बोलण्यासाठी त्याने ती निभावलीही. पण एफटी८ या डिजिटल पद्धतीत जवळजवळ तेरा सेकंद सलग पूर्ण शक्ती जाते आणि ते दर अर्ध्या मिनिटाला होत राहते. अशा वापरात प्रसारण चालू असतानाच एसडब्ल्यूआर (अँटेना रिगशी किती जुळला आहे याचे माप; एकच्या जितके जवळ तितके चांगले) हळूहळू चढू लागे, डबा उघडल्यावर कोअर (ज्यावर वेढे गुंडाळतात ती फेराइटची कडी) चटका बसेल इतका तापलेला आढळे. आत लहान आकाराचा कोअर होता. त्यानंतर एफटी२४०-४३ हा मोठा कोअर मागवला, इनॅमलची तार, स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट आणि हवाबंद झाकणाचा डबा बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत घेतला आणि ट्रान्स्फॉर्मर घरीच गुंडाळला. तोच आजवर चालू आहे. एफटी८ साठी मी पंचवीस-तीस वॅटच्या वर जात नाही. कोअर कोमटही होत नाही आणि संपर्क कमी होतात असेही नाही.

तार म्हणून घरातील वायरिंगची अडीच स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड वायर वापरली आहे. तिच्यावर पीव्हीसीचे आवरण असल्यामुळे ती सूत्रातील लांबीपेक्षा थोडी आखूड करावी लागते, शिवाय खालच्या स्लॅबमधील लोखंडी सळ्यांचाही परिणाम होतो. म्हणून जास्त लांब तारेपासून सुरुवात करून, नॅनोव्हीएनए या अँटेना तपासण्याच्या छोट्या यंत्रावर पाहत, बोटभर-बोटभर दुमडत जाणे हीच खात्रीची पद्धत आहे. तारेचे वरचे अनुनाद, म्हणजे ज्या वारंवारतांवर ती आपोआप जुळते ते बिंदू, नेमक्या दुपटीवर किंवा तिपटीवर न येता किंचित वर सरकतात. त्यामुळे ४० मीटरवरील एसडब्ल्यूआरचा किमान बिंदू ७.०५ मेगाहर्ट्‌झच्या आसपास ठेवला की २० मीटरही चांगला जुळतो. माझ्याकडे ४०, २० आणि १५ मीटरवर एसडब्ल्यूआर दोनच्या बराच खाली आहे, १० मीटरवर दोनच्या जवळ. भर पावसात तार भिजल्यावर सारे बिंदू थोडे खाली सरकतात, पण ट्यूनरची (जुळवणी करून देणाऱ्या यंत्रणेची) गरज पडावी इतके नाही.

आता मुख्य विषय, खरखर. पहिल्या काही आठवड्यांत ४० मीटरवर संध्याकाळी एस-मीटर (येणाऱ्या संकेताची ताकद दाखवणारा रिगवरील मापक) एस-७ च्या खाली येतच नव्हता. एका संध्याकाळी परिसरातील वीज गेली. रिग बॅटरीवर चालू होता आणि मीटर क्षणात एस-२ वर उतरला. एक एस-युनिट म्हणजे सहा डेसिबल, म्हणजेच तीस डेसिबलचा पडदा बाजूला झाला होता, आणि त्यामागून केरळ, श्रीलंका आणि आखाती देशांतील असे आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागले ज्यांचा एरवी मागमूसही नव्हता. शंभर वॅटचा रिग हजार वॅटचा केला तरी फरक दहा डेसिबलचा पडतो आणि तोही समोरच्याला. या तुलनेनंतर माझे सगळे कष्ट खरखर कमी करण्याकडे वळले.

वीज परत आल्यावर घरातील एकेक स्विच बंद करत गेलो. स्वस्त एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, राउटरचा अडॅप्टर आणि एक मोबाइल चार्जर हे तीन मोठे अपराधी निघाले, ते बदलले. घराबाहेरच्या खरखरीवर आपला ताबा नसतो, पण तिची ओळख पटली की वेळ निवडता येते. लिफ्ट चालू होताना ऐकू येणारी घरघर काही सेकंदांची असते. शेजारच्या इमारतीवरील सौर इन्व्हर्टरचा सूर ऊन चढेल तसा चढतो आणि सूर्यास्ताला थांबतो. दिवाळीच्या पाच दिवसांत आकाशकंदील आणि एलईडीच्या माळा लागल्या की ४० मीटरवर संध्याकाळी काम करणे व्यर्थ ठरते. त्या दिवसांत पहाटेचे संपर्क केले.

सर्वांत मोठा लाभ मात्र चोकने दिला. एंड-फेडला परतीच्या प्रवाहासाठी काहीतरी हवे असते आणि ते न दिल्यास केबलचे बाहेरचे वेष्टन आपणहून ते काम करू लागते. मग तीच केबल सहा मजल्यांच्या वायरिंगमधील सारी घाण गोळा करून रिगपर्यंत आणते. म्हणून ट्रान्स्फॉर्मरपाशी दोन मीटरची वेगळी काउंटरपॉइज तार जोडली, तिथेच मिक्स-३१ या प्रकारच्या मोठ्या फेराइट कोअरवर पातळ केबलचे दहा-बारा वेढे घेऊन एक चोक बसवला आणि केबल खोलीत शिरते तिथे दुसरा. या दोन वस्तूंनी आणि घरातील सफाईने ४० मीटरवरील नेहमीची पातळी एस-७ वरून एस-४ च्या आसपास आली. प्रसारणाच्या वेळी संगणकाचा माऊस अडकत असे तोही बंद झाला. अँटेनाचा सर्व खर्च, केबल आणि चोक धरूनही, रिगच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत जात नाही, आणि ऐकण्यातील बहुतेक सारी सुधारणा त्यातूनच मिळाली आहे.

रिगविषयी माझे मत अतिशय चांगले आहे. आयसी-७३०० हा २०१६ मध्ये बाजारात आलेला, अँटेनावरील संकेत थेट डिजिटल स्वरूपात घेणारा रिग आहे आणि त्याच्या पडद्यावरील धबधब्यासारखे उतरणारे वर्णपट चित्र हे शहरातील हौशी माणसासाठी खरोखर मोलाचे साधन आहे. कोणती खरखर समान अंतराच्या रेषांची, म्हणजे एखाद्या पॉवर सप्लायची, आणि कोणती वीज कडाडल्याची, हे डोळ्यांनी कळते. संगणकाशी जोडणी एकाच यूएसबी केबलने होते, वेगळे ध्वनिकार्ड लागत नाही. त्याचा अंतर्गत ट्यूनर सुमारे ३:१ पर्यंतच जुळवणी करतो, त्यामुळे या तारेवर १७ आणि १२ मीटरची अपेक्षा ठेवू नये. आणीबाणीचा ट्यूनर प्रकार रिगमध्ये आहे, त्यात शक्ती ५० वॅटपर्यंत मर्यादित होते. तो नावाप्रमाणे अडचणीच्या वेळीच वापरावा. पूर्ण शक्तीला रिग १३.८ व्होल्टवर २१ अँपिअरपर्यंत प्रवाह घेतो, तेव्हा पॉवर सप्लाय निवडताना त्याची क्षमता आणि त्याची स्वतःची खरखर, दोन्ही तपासावेत.

केबलच्या बाबतीत एक आकडा पुरेसा आहे : १० मीटर बँडवर शंभर मीटर आरजी-५८ या पातळ केबलमध्ये साधारण आठ डेसिबल वाया जातात, आरजी-२१३ मध्ये साडेतीनच्या आसपास.

प्रत्यक्ष संपर्कांचे म्हणाल तर पुण्याच्या स्थानाचा लाभ मोठा आहे. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जाते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आयनांबराची (लघुलहरी परत वळवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थराची) घनता दुपारनंतर विशेष वाढते. आपण या पट्ट्यात येतो. सौरचक्र २५ चा, म्हणजे सूर्यावरील डागांच्या चढउताराच्या चालू आवर्तनाचा, कळस २०२४ मध्ये जाहीर झाला आणि त्याचा ओघ अजून जाणवतो. दुपारी १५ आणि १० मीटरवर युरोप शेजारच्या पेठेतून बोलावे तसा येतो, सकाळी २० मीटरवर जपान आणि ऑस्ट्रेलिया मिळतात. १९२७ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यातील लघुलहरींची बीम (एकाच दिशेला झोत टाकणारी) बिनतारी सेवा सुरू झाली तेव्हा तिची केंद्रे खडकी आणि दौंड येथे होती. तेव्हा मोठमोठ्या मनोऱ्यांनी साधलेली तीच वायव्य दिशा आज वीस मीटर वायरवर, कमी शक्तीत गाठता येते याचा मला मनापासून आनंद वाटतो. उत्तर अमेरिका कठीण आहे, कारण तिकडचा मार्ग ध्रुवप्रदेशाजवळून जातो. एफटी८ वर जमते, बोलून क्वचित. ४० मीटरवर सकाळी महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकातील केंद्रे अतिशय स्वच्छ येतात. तार स्लॅबपासून फार उंच नसल्यामुळे तिची शक्ती बरीचशी सरळ वर जाऊन परत येते, आणि काही शे किलोमीटरच्या संपर्कांसाठी हेच हवे असते.

पावसाळ्याने जोडण्यांची परीक्षा घेतली. स्वतःला चिकटणारी रबरी टेप आणि तिच्यावर पीव्हीसी टेप असे दोन थर दिलेले कनेक्टर कोरडे राहिले. डबा कनेक्टर खालच्या बाजूला येईल असा टांगला आहे आणि तळाला बाष्प निघण्यासाठी बारीक छिद्र ठेवले आहे. साधी नायलॉनची दोरी उन्हाने पावसाळ्यापूर्वीच ठिसूळ झाली, ती बदलून अतिनील किरणांना टिकणारी दोरी लावली. संक्रांतीच्या सुमारास तारेत पतंगाचा मांजा अडकतो. तो लगेच काढावा, कारण त्यात पक्षी गुंतू शकतात. वळवाच्या दिवसांत, एप्रिलपासून जूनच्या आरंभापर्यंत, दुपारी ढग दिसू लागले की केबल रिगपासून काढून खिडकीबाहेर ठेवणे हा आमच्या घरचा नियम आहे. विजेचा दाब जमिनीत सोडणारा गॅस ट्यूबचा अरेस्टर आणि त्याचे स्वतंत्र अर्थिंग बसवलेले आहे, परंतु जवळ पडणाऱ्या विजेपुढे केवळ त्यावर विसंबणे मी कोणालाही सुचवणार नाही.

८० मीटरसाठी या तारेच्या टोकाला ११० मायक्रोहेन्रीचे कॉइल आणि पुढे दोनेक मीटर तार जोडण्याची प्रचलित पद्धत मी हिवाळ्यात करून पाहिली. अनुनाद मिळतो, पण वापरण्यायोग्य पट्टा फारच अरुंद राहतो आणि रात्री शहराची खरखर त्या बँडवर इतकी असते की ऐकू येणारी केंद्रे मोजकीच. कॉइल मी काढून ठेवले आहे. पूर्ण आकाराच्या ८० मीटर अँटेनाला चाळीस मीटर तार लागते आणि ती आमच्या गच्चीवर मावत नाही. त्या बँडवर काम करायचे झाल्यास रिग आणि बॅटरी घेऊन शहराबाहेर, मोकळ्या माळावर जाणे मला अधिक उपयोगाचे वाटते.