स्वतः कंपाइल केलेल्या कर्नलवर सात महिने: लोकलमॉडकॉन्फिगने काय दिलं, काय हिरावलं

गेले सात महिने माझा लॅपटॉप सोर्सवरून कंपाइल केलेल्या लिनक्स ६.१२ कर्नलवर, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यावर, चालतोय. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली ही मालिका एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आहे, म्हणून निवडली.

पहिलं बिल्ड लगेच अडकलं. डिस्ट्रोची (तयार लिनक्स वितरणाची) कॉन्फिग फाइल, म्हणजे कर्नलमध्ये काय काय घ्यायचं याची यादी, जशीच्या तशी उचलली होती. तिच्यात डिस्ट्रोच्या सर्टिफिकेटचा पत्ता असतो आणि ती फाइल मूळ सोर्समध्ये नसतेच. मग 'नो रूल टू मेक टार्गेट' म्हणून बिल्ड चालवणारी 'मेक' कमांड थांबते. कॉन्फिगमधल्या 'सिस्टम ट्रस्टेड कीज' आणि 'सिस्टम रिव्होकेशन कीज' रिकाम्या केल्या की गाडी पुढे सरकते. एरर शोधताना मेक समांतर चालवू नका. खरी ओळ कुठेतरी वर गाडली जाते आणि शेवटी नुसतं 'एरर २' उरतं.

खरा खेळ लोकलमॉडकॉन्फिगचा, म्हणजे कॉन्फिग छाटणाऱ्या मेकच्या पर्यायाचा. त्या क्षणी जे मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) लोड असतील तेवढे ठेवून बाकीचे तो बंद करतो. माझं दीड तासाचं कंपाइल वीस मिनिटांवर आलं, मी खूश. दोन आठवड्यांनी वायफाय बंद असताना यूएसबी इथरनेट ॲडॉप्टर लावला. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ॲडॉप्टरचा व्हेंडर आयडी दिसत होता, केबलचा दिवाही लागला होता, पण इंटरफेस काही येईना. अर्धी रात्र केबल आणि पोर्ट बदलण्यात गेली. कॉन्फिग बनवताना ॲडॉप्टर लावलेला नव्हता, त्यामुळे त्याचा आर८१५२ ड्रायव्हर बिल्डच झाला नव्हता!

आता मी आधी डिस्ट्रोच्या कर्नलवर बूट करून आठवडाभर वापरातली प्रत्येक वस्तू एकदा तरी जोडतो: प्रिंटर, वेबकॅम, सगळं. दर वेळी एलएसमॉडचं (लोड मॉड्यूलची यादी देणाऱ्या कमांडचं) आउटपुट एकाच फाइलमध्ये जोडत जातो आणि ती फाइल 'एलएसमॉड' व्हेरिएबलमधून लोकलमॉडकॉन्फिगला देतो. यादीच्या हेडरची ओळ पुन्हापुन्हा आली तरी लोकलमॉडकॉन्फिगची स्क्रिप्ट ती वगळते. वापरायचं तर असंच वापरा, एरवी नको.

बूट पार्टिशन भरलं तर आधी डीबग इन्फो (चुका शोधण्यासाठीची जादा माहिती) तपासा. मॉड्यूल इन्स्टॉल करताना 'इन्स्टॉल मॉड स्ट्रिप' १ दिलं की ती गळते आणि इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल) एकदम आटोपशीर होतो. सिक्युअर बूट (फक्त साइन केलेलंच बूट होऊ देणारी सोय) चालू असेल तर कर्नल साइन करावा लागतो, ते वेगळं काम.

दर पॉइंट रिलीजला (मालिकेतल्या छोट्या अपडेटला) जुनी कॉन्फिग, ओल्डडेफकॉन्फिग (नवे पर्याय डीफॉल्टने भरणारी कमांड) आणि पुन्हा बिल्ड. सुरक्षेचे पॅच आता माझे मलाच लावायचे आहेत, म्हणून हे मी टाळत नाही. डिस्ट्रोचा कर्नल ग्रबमध्ये (बूटच्या मेन्यूत) अजून तसाच ठेवलाय; ॲडॉप्टरच्या त्या रात्री शेवटी त्यानेच नेट मिळालं.